उलाळ ट्रॉली, धुरजड ट्रॉली

विदर्भातील जुना शेतकरी बंडी भरली की जू हाताने उचलून पाहतो. ओझे मागे सरकले असेल तर बंडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त आले असेल तर ती धुरजड होऊन मान सोलते. शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, जोडी ट्रॅक्टरमागच्या दुचाकी ट्रॉलीतून नेताना मात्र ही पारख मागे पडते आणि ट्रॅक्टर किती एचपीचा, एवढेच विचारले जाते, याची मला मनापासून काळजी वाटते.

अमेरिकेत पिकअपमागे घोड्यांची ट्रॉली जोडताना भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर यावा, असा सर्वमान्य दंडक आहे. समजा, आपली रिकामी ट्रॉली १,२०० किलोची आणि प्रत्येक बैल ४०० किलोचा आहे; एकूण वजन २,००० किलो होते. हूक आणि चाकांचा कणा यांत ३ मीटर अंतर असेल आणि या साऱ्या वजनाचा मध्य कण्याच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर एक दशांश, म्हणजे २०० किलो भार येतो. मध्य कण्याच्या मागे गेला की ट्रॉली हुकाला वर ओढते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेगात ट्रॉलीचे डावे-उजवे हेलकावे वाढत जातात. उलट, हुकावर फार भार आला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही.

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते. दहास एक अशा उतारावर ही ट्रॉली सुमारे २०० किलो वजनाइतक्या जोराने ट्रॅक्टरला मागून रेटते, आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतील तर चिखलदऱ्याच्या घाटासारख्या वळणावर हाच रेटा ट्रॅक्टरला आडवे करू शकतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. वेग २० वरून ४० किलोमीटरवर गेला की ब्रेकांना चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

हुकावरचा भार वजनकाट्यावर सहज कळतो. आधी ट्रॅक्टर एकटा तोलावा. मग ट्रॉली जोडून, तिची चाके काट्याबाहेर ठेवून, पुन्हा तोलावा, आणि दोन्ही वजनांतील फरक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. हे माप बैल चढवून, प्रवासात बांधायचे तसे बांधूनच घ्यावे, कारण बैल पाऊलभर मागे सरला तरी आकडा बदलतो.