धर्मगुरू आणि राजकीय भूमिका : ठाणे परिसरातील पार्श्वभूमी

ठाण्यातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची मुळे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज अमदानीत आहेत. त्या काळी धर्मगुरूने राज्यकारभारावर बोलावे का, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. बिशपांच्या नेमणुकीत पोर्तुगालच्या राजाचाच शब्द चालत असल्याने वेदी आणि गादी एकमेकींना बांधलेल्या होत्या. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर ती गादी गेली, ख्रिस्ती कुटुंबे मात्र आपल्या शेतावाडीत राहिली.

आजची मर्यादारेषा बरीच अलीकडची आहे. चर्च आणि राज्यसंस्था आपापल्या क्षेत्रात स्वायत्त आहेत, परंतु माणसाचे मूलभूत हक्क पणाला लागतील तेव्हा राजकीय बाबींवरही नैतिक मत देण्याचा चर्चला अधिकार आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या महासभेने, १९६५ मध्ये म्हटले. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना शासकीय सत्तापदे मना केली आणि पक्षकार्यातील सक्रिय सहभागही सर्वसाधारणपणे वर्ज्य ठरवला. भारतीय कायद्यानेही १९८८ पासून प्रार्थनास्थळांचा वापर राजकीय कार्यासाठी करण्यास बंदी घातली आहे, आणि धर्माच्या नावाने मते मागणे हा निवडणुकीतील भ्रष्टाचार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमताने अधिक व्यापक अर्थाने स्पष्ट केले. तो खटला मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उभा राहिला होता.

या चौकटीत राहून काय करता येते, हे वसईने दाखवले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. बेसुमार पाणीउपसा, टँकरचा धंदा आणि हिरव्या पट्ट्यावर चालून येणारी बांधकामे यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून आवाज उठवला. हे प्रश्न राजकीय होतेच. पण विहिरी आटल्या तर त्या साऱ्यांच्याच आटतात, आणि म्हणूनच त्या चळवळीत बिगरख्रिस्ती वसईकरही आले. अशा वेळी धर्मगुरू गप्प राहिले असते, तर त्या मौनाला तटस्थता म्हणणे मला मान्य नाही.

बोलण्याची किंमत किती असू शकते, हे नवी मुंबईने पाहिले. झारखंडमधील आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे जेझुइट या कॅथॉलिक संघाचे धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणी, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून, अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले होते आणि भारतीय बिशप परिषदेने त्यांच्या सुटकेचे आवाहन केले होते. कंपवाताने ग्रासलेले स्वामी तळोजा कारागृहात होते, आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाचा निर्णय होण्यापूर्वीच मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.