हस्ताक्षर कोणाचे? मिशनरी पत्रांच्या प्रतिकृतींची पार्श्वभूमी

कोकणातील एखाद्या चर्चच्या सभागृहात किंवा जुन्या मिशनशाळेत काचेखाली लावलेले धर्मोपदेशकाचे पत्र जवळून पाहिले, तर घडीच्या खुणा करड्या रेघा होऊन छापलेल्या दिसतात. कागद मात्र कोठेही दुमडलेला नसतो, आणि लाखेची मोहोर म्हणजे एक सपाट तांबडा डाग असतो. खाली बहुधा ‘हस्ताक्षरातील पत्र’ एवढेच लिहिलेले असते. या एका शब्दाने जेवढा घोटाळा केला आहे तेवढा वाळवीनेही केला नसेल.

मराठीत हस्ताक्षर म्हणजे हाताच्या अक्षराचे वळण, हिंदीत सही. आता मराठीतही दोन्ही अर्थ सर्रास चालतात. पेशवाईतील पत्रांत मजकूर कारकुनाने लिहावा आणि शेवटचे शब्द खाशांनी आपल्या हाताने घालावेत, अशी पद्धत रूढ होती. त्यामुळे पत्र कोणाचे आणि अक्षर कोणाचे हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे मोडी वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. ‘नक्कल’ या शब्दाचीही तीच गत आहे. तहसील कचेरीत नक्कल म्हणजे शिक्का मारलेली, पुराव्यास चालणारी प्रत. बाजारात तीच नक्कल म्हणजे बनावट माल.

१५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर या जेझुइट (येशूसंघी) धर्मोपदेशकाची पत्रे हे याचे सर्वांत अवघड उदाहरण. काही त्याने स्वतः लिहिली, बरीच सांगून लिहवून घेतली. जहाजे बुडत असल्याने एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी लिस्बनला पाठवण्याचा प्रघात होता, आणि त्या सर्व पाठवणाऱ्याच्या लेखी सारख्याच अस्सल असत. पुढे युरोपातील मठांत आणि विद्यालयांत वाचनासाठी त्यांच्या आणखी प्रती उतरवल्या गेल्या. १५४५ मध्ये पॅरिसला त्याचे पत्र छापून निघाले, तेव्हा शीर्षकातच ‘प्रत’ असा शब्द होता. त्या छापणाऱ्याचा प्रामाणिकपणा आजच्या चौकटींखाली क्वचितच आढळतो. खुद्द झेवियर सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून गळ्यात बाळगत असे. १५७९ मध्ये आलेल्या आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाची थोडी पत्रे आपल्याला ठाऊक आहेत. १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली.

कोकणातील अशा पत्रांची खरी रेलचेल एकोणिसाव्या शतकाची आहे. १८२३ पासून बाणकोट आणि हर्णै येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी ठाणी मांडली, आणि शाळांचा, प्रवासाचा नि मराठी शिकण्याच्या खटाटोपाचा वृत्तान्त तिकडून मायदेशी जाऊ लागला. टपाल महाग असल्यामुळे त्या काळी लोक आडव्या ओळींवर कागद फिरवून उभ्या ओळी लिहीत. शाई लोहयुक्त असल्याने कालांतराने कागद खाई, आणि कोकणच्या दमट हवेत तर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोकच उरे. मिशनऱ्यांची पत्रे नियतकालिकांत छापली जात, पण त्याआधी त्यांवर संपादकाची लेखणी फिरे. पैशाची कुरकुर किंवा सहकाऱ्याशी झालेला बेबनाव वर्गणीदारांच्या नजरेस पडू नये, याची काळजी स्वाभाविक होती.

मुंबईत १८२० च्या दशकात शिळाछाप आली आणि हाताचे अक्षर जसेच्या तसे छापणे शक्य झाले. ‘जसेच्या तसे’ हेही सैलपणे म्हणायचे. पत्रावर पातळ कागद ठेवून कारागीर तेलकट शाईने अक्षर गिरवी, तो कागद दगडावर दाबला की अक्षर उलटे उठे, आणि छापल्यावर पुन्हा सुलटे होई. अर्थात हाती पडे ते उपदेशकाच्या अक्षराचे कारागिराने काढलेले चित्र. लिहिणाऱ्याचा हात कोठे थरथरला आणि टाक कोठे बुडवला, हे गिरवताना सपाट होऊन जाई.

वादाचा मुद्दा फोटो आणि नंतर स्कॅनिंग आल्यावर पुढे आला. प्रतिकृती काढताना डाग, छेद आणि संपादकाने मारलेल्या काटा ठेवायच्या की पुसायच्या? पुसण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की त्या खुणा मूळ लेखकाच्या नाहीत आणि वाचणाऱ्यास अडचण करतात. पहिले म्हणणे खरे आहे. परंतु काट मारलेला परिच्छेद आणि ती काट मिळूनच ते पत्र मायदेशी कसे वाचले गेले हे कळते. काट पुसली की लेखकाने लिहिलेले उरते आणि त्याच्या माणसांनी दडवलेले नाहीसे होते. व्यवहारात पुसणाऱ्यांचीच सरशी झाली आहे, कारण भिंतीवर स्वच्छ पान शोभते. पिवळटपणा तेवढा राखला जातो, कधी वाढवलाही जातो.

मागची बाजू तर बहुतेकदा छापलीच जात नाही. लिफाफ्याची चाल रूढ होण्यापूर्वी पत्राची घडी घालून बाहेरच्याच अंगावर पत्ता लिहीत. टपालाचे शिक्के तेथेच बसत, आणि पोचल्याची तारीख पुष्कळदा तेथेच टिपली जाई. बाणकोटहून सुटलेला कागद किती महिन्यांनी कोणाच्या हाती पडला, ते चौकटीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून असायचे. तेथे आता कोरा पुठ्ठा असतो.