आंब्याच्या बागेतला सापळा: वासामागचा शंभर वर्षांचा इतिहास

मे महिन्यात वळीव पडला की खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या हापूसच्या बागांत फळमाशीचा जोर वाढतो. फांदीला टांगलेले प्लास्टिकचे सापळे आता सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांत मादीचा वास असतो म्हणून नर येतात, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. आत असतं मिथाइल युजेनॉल, आणि ते वनस्पतींत आढळणारं द्रव्य आहे. अंगणातल्या तुळशीतही ते असतं. पाला चुरगळून ठेवला तर नर माश्या त्यावरही येऊन बसतात.

याचा माग लागला बिहारमधल्या पुसा इथे. तिथले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवलं, की डास पळवायला वापरतात त्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धाव घेतात, आणि धाव घेणारे नरच असतात. १९१५ पर्यंत तेलातलं नेमकं द्रव्यही त्यांनी शोधून काढलं. शोध आपल्याकडचा, पण मोठा वापर झाला तो प्रशांत महासागरातल्या बेटांवर. १९६०च्या दशकात रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकले गेले. नर संपले आणि फळमाशीचं बेटावरून उच्चाटन झालं.

नर त्याच्यामागे एवढा का लागतो, हे पुढे उलगडलं: चाटलेल्या द्रव्यापासून तो शरीरात माद्यांना ओढणारा गंध तयार करतो.

मादीला मात्र या सापळ्याचं आकर्षण नाही. ती पाडाला आलेल्या फळाच्या वासावर येते आणि सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळतं, अळी मातीत शिरून कोष करते. म्हणजे खरं नुकसान करणारी सापळ्याबाहेरच! सापळा भरलेला पाहून खूश होणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की आधीच मीलन झालेली मादी अंडी घालणारच. म्हणून सापळे फळ तयार व्हायच्या आधी लागायला हवेत, आणि एकट्याच्या बागेत नव्हे, शिवारभर. त्यात शेजारच्या परसातला पेरूही आला. आंबा संपला की पावसाळ्यात माशी तिकडेच वळते.

या सगळ्याला निकड आली ती निर्यातीमुळे. फळमाशीच्या कारणावरून जपानने १९८६ पासून २००६ पर्यंत भारतीय आंबा घेतला नाही. युरोपीय संघाची बंदी मे २०१४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्यानंतर सापळ्यांचा प्रचार जोरात झाला. गळलेली फळं गोळा करून खोल पुरण्याबद्दल मात्र त्यामानाने कमीच बोललं जातं.