प्रथिनांनी वजन वाढतच नाही?

'प्रथिने कितीही खा, चरबी होत नाही. आणि ती डाळीतून घ्या की मटणातून, पोटाला फरक पडत नाही.' हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रथिनांनी पोट लवकर भरते हे खरे असल्याने तो पटतोही.

आधी उष्मांक पाहू. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतल्या कर्बोदकांतूनही तितक्याच, आणि चरबीतून ९. गरजेपेक्षा जास्त झालेली ऊर्जा, कुठूनही आलेली असो, शरीर साठवते. शेंगदाण्याच्या पाकिटामागचा तक्ता वाचा: १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे १०० कॅलरी, पण चरबी ४९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ४४० कॅलरी. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर.

आता स्रोताचा प्रश्न. बहुतेक प्रथिने लहान आतड्यातच पचतात. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो कुजवतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड असे, जास्त झाल्यास आतड्याला त्रासदायक ठरणारे पदार्थ तयार होतात. याउलट तंतू, म्हणजे धान्य-भाज्यांतला न पचणारा चोथा, मिळाले, तर तेच जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात, जी आतड्याच्या अस्तराचे इंधन आहेत. मटण, अंडी, पनीर यांत तंतू जवळजवळ नसतातच. मसूर, हरभरा, मटकी यांत ते प्रथिनांसोबतच येतात. म्हणून मटणाच्या ताटात भाकरी, कांदा आणि एखादी पालेभाजी हवीच. मात्र 'अमुक प्रथिनाने जिवाणू बदलून वजन उतरते' असे कुणी छातीठोक सांगितले, तर प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, एवढे जरूर विचारा.