बाटलीवरचे तीन आकडे आणि तुमचे द्रावण
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बडोदे)

नमस्कार मंडळी,

मध्यंतरी एका शाळेच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक दुकानात आले. हातात अर्धी रिकामी बाटली आणि घडी घातलेली चिठ्ठी. "भाऊ, तुमचं ॲसिड पातळ आलंय. टायट्रेशन बसतच नाही." टायट्रेशन म्हणजे माहीत तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याची तीव्रता काढणे. चिठ्ठीवर लिहिले होते: १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, १ लिटर, ३६.५ मिली.

ॲसिड पातळ नव्हते. ३६.५ हा ग्रॅमचा आकडा होता आणि तो मिलीलिटर म्हणून मोजला गेला होता. ही चूक शाळेत होते, कॉलेजात होते, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतही होते. म्हणूनच हे पत्रक.

आता ते गणित नीट मांडू. हायड्रोक्लोरिकचा रेणुभार ३६.४६. त्याचा एक रेणू एकच हायड्रोजन देतो, म्हणून १ नॉर्मलसाठी लिटरमागे रेणुभाराइतकेच ग्रॅम लागतात. म्हणजे १ लिटर १ नॉर्मल द्रावणात शुद्ध हायड्रोजन क्लोराइड ३६.४६ ग्रॅम हवा. पण बाटलीत शुद्ध माल नसतो, पाण्यात विरघळवलेला असतो. त्यांच्या लेबलवर ३५ टक्के आणि घनता १.१८ असे छापले होते. १ मिली ॲसिडचे वजन १.१८ ग्रॅम, त्यातला ३५ टक्के भाग कामाचा, म्हणजे ०.४१३ ग्रॅम. ३६.४६ ला ०.४१३ ने भागा: ८८ मिली. त्यांनी घेतले होते ३६.५ मिली, त्यात निघतात जेमतेम १५ ग्रॅम. त्यामुळे द्रावण ०.४१ नॉर्मलचेच झाले. टायट्रेशन बसणार कसे?

दुसऱ्या बाटलीवर ३७ टक्के आणि १.१९ असे असेल, तर तेच उत्तर ८३ मिली येते. म्हणून वहीत लिहून ठेवलेला जुना आकडा नव्या बाटलीला लावू नका. लेबलवर तीन आकडे शोधा: टक्केवारी, घनता आणि रेणुभार. टक्केवारीला घनतेने गुणा, शंभराने भागा. १ मिलीत कामाचा माल किती ग्रॅम ते कळले. हवे असलेले ग्रॅम त्याने भागले की मिली हातात. बहुतेक सगळ्या द्रवरूप ॲसिडांना आणि अमोनियाला हाच हिशेब चालतो.

सल्फ्युरिकचा रेणुभार ९८.०८, पण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून १ नॉर्मलसाठी निम्मे, ४९.०४ ग्रॅम पुरतात. ९८ टक्के आणि १.८४ घनता असेल तर साधारण २७ मिली. मोलर आणि नॉर्मल यांतला फरक इथेच आहे: १ मोलर म्हणजे लिटरमागे रेणुभाराइतके ग्रॅम, रेणू कितीही हायड्रोजन देवो. हायड्रोक्लोरिकला दोन्ही सारखे, सल्फ्युरिकला १ मोलर म्हणजे २ नॉर्मल. सल्फ्युरिक नेहमी पाण्यात, बारीक धारेने, ढवळत ढवळत घाला. पाणी ॲसिडात कधीही ओतू नका; जागच्या जागी उकळून तोंडावर उडते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कारब्याचे (ॲसिडच्या मोठ्या बाटलीचे) बूच उघडूच नका.

घन पदार्थांत वेगळी फसगत होते. ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे आम्ही देतो, त्यांत प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. त्यांचा रेणुभार १२६.०७, आणि इथेही एक रेणू दोन हायड्रोजन देतो. ०.१ नॉर्मलच्या १ लिटरला ६.३ ग्रॅम लागतात. पाणी नसलेल्या भुकटीचा रेणुभार ९०.०३, तिचे ४.५ ग्रॅमच पुरतात. मोरचुदाचेही तसेच: निळ्या खड्यांचा रेणुभार २४९.७, पांढऱ्या भुकटीचा १५९.६. दुकानात मागताना 'खडे' की 'भुकटी' ते जरूर सांगा. १ लिटर १ नॉर्मलसाठी कॉस्टिक सोड्याचे ४० ग्रॅम काट्यावर अचूक तोलले तरी द्रावण अचूक येत नाही, कारण ते पापुद्रे तोलता तोलताच हवेतला ओलावा ओढतात. आधी अंदाजे करा, मग ऑक्झॅलिकने टायट्रेट करून खरा आकडा बाटलीवर लिहा.

'पाण्यात घाला' आणि 'पाण्याने पुरे करा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ टाकले तर एकूण वजन १०५० ग्रॅम झाले, आणि वजनाने टक्का आला ४.७६, पाच नव्हे. आकारमानी चंबूत (मानेवर मापाची खूण असलेल्या काचेच्या भांड्यात) पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवा, गरम झाला असेल तर गार होऊ द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा. खूण डोळ्यांच्या रेषेत धरा आणि पाण्याच्या वाटीसारख्या खळग्याचा तळ तिला टेकलेला पाहा. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त आम्हाला फार मोलाची वाटते. कृतीत '१:४' असे लिहिलेले असेल तर एक भाग मालाला चार भाग पाणी, की एकूण चार भाग, हे लिहिणाऱ्याला विचारून घ्या. दोन्ही अर्थ सर्रास चालतात.

पाण्याच्या टाक्या धुणारी मंडळी आमच्याकडून हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) नेतात, त्यांच्यासाठी थोडे अधिक. पीपीएम म्हणजे पाण्याच्या बाबतीत लिटरमागे मिलिग्रॅम. १००० लिटरच्या टाकीत ५० पीपीएम क्लोरीन हवे असेल तर क्लोरीन लागते ५० ग्रॅम. १० टक्क्यांच्या हायपोत लिटरला १०० ग्रॅम, म्हणून अर्धा लिटर. हे टाकी निर्जंतुक करण्याचे प्रमाण आहे, पिण्याचे नाही. ठरलेला वेळ ठेवून ते पाणी सोडून द्या आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुवा. पिण्याच्या पाण्यात उरलेले मुक्त क्लोरीन किमान ०.२ पीपीएम असावे असे भारतीय मानक सांगते. दोन्ही आकड्यांत किती अंतर आहे ते पाहा.

मे महिन्यात बडोद्याच्या गच्चीवर उन्हात ठेवलेला हायपोचा कॅन महिन्याभरात तोच राहत नाही. उष्णतेने आणि उजेडाने त्यातले क्लोरीन झपाट्याने उतरते. लेबलवर १० टक्के, आत उरले ६. मग तुमच्या अर्ध्या लिटरने टाकीत ५० ऐवजी ३० पीपीएमच होते, आणि काम झाल्याचे समाधान मात्र पुरे मिळते. लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, आणल्याची तारीख लिहा. शंका आली तर आमच्याकडे आणा, आयोडीनच्या टायट्रेशनने टक्का काढून देऊ. संडास धुण्याचे ॲसिड आणि हायपो एका बादलीत कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. एकाच पिशवीत भरून नेऊही नका.

पातळ करण्याचे सूत्र सोपे आहे: जुनी तीव्रता गुणिले जुने आकारमान बरोबर नवी तीव्रता गुणिले नवे आकारमान. १ टक्क्याचा २० लिटर हायपो हवा, हातात १० टक्के. २ लिटर घ्या, पाण्याने २० लिटर पुरे करा. दोन्ही बाजूंची एकके सारखी ठेवा, एवढेच पथ्य.

या गावाला रसायनांचे काम नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन निघाले, तिथे त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली रंगाईचे रसायनशास्त्र शिकवले जात होते. टक्का चुकला की रंगाऱ्याच्या कापडावर छटा चुकते, आणि ते लगेच दिसते. आपल्या द्रावणात ते दिसत नाही, म्हणून आकडा आधी पडताळावा लागतो.

गणित अडले तर लेबलचा फोटो, किती लिटर हवे आणि किती तीव्रतेचे, एवढे घेऊन दुकानात या. कागदावर मांडून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तयार द्रावण मात्र थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून मागू नका. आम्ही भरून देणार नाही.