तिकिटावरच्या वेळा एकमेकींतून वजा करू नका

“लंडनहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला न्यूयॉर्क. म्हणजे तीनच तास ना?” तिकीट पाठवले की असा फोन हमखास येतो.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाची असते. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे, म्हणून हा प्रवास आठ तासांचा. परतीला रात्री ८ ला सुटलेले विमान लंडनला सकाळी ८ ला उतरते. वजाबाकी बारा तास सांगते, पण विमानात तुम्ही सातच तास असता. त्यात हा पाच तासांचा फरकही बारमाही नाही. उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत फरक चारच तासांचा. ऑक्टोबरअखेरीस ती मागे घेतानाही आठवडाभर तेच. एवढ्यासाठीच आमच्या प्रवासपत्रकात ‘एकूण वेळ’ हा वेगळा रकाना असतो. तो आधी पाहावा, मग खुशाल फोन करावा.

काहीजण अंतर मोजून येतात. हीथ्रो ते केनेडी विमानतळ सुमारे ५,५४० किलोमीटर. ताशी ९०० ने भागले तर सहा तासांच्या थोडे वर. गणित बरोबर आहे, पण विमान कंपनी वेळ धरते ती विमान दारापासून हलल्यापासून पलीकडच्या दाराशी थांबेपर्यंत. धावपट्टीसाठीची रांग त्यातच आली. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना आठ आणि येताना सात. मार्गही नेहमी जवळचाच मिळतो असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेराच्या घरात गेला. विमानतळ मात्र जागचे हलले नव्हते!

तारखेचेही तसेच. वेळेपुढे ‘+१’ असेल तर पोचण्याचा दिवस दुसरा. हॉटेल त्या तारखेचे घ्या. उलट टोकियोहून संध्याकाळी निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरते. ती छपाईची चूक नव्हे.

खरा घोटाळा पुढच्या विमानाचा. वजाबाकीच्या भरवशावर दुसरीकडून स्वस्त, स्वतंत्र तिकीट काढले आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. आम्ही दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यायचा आग्रह धरतो, मध्ये वेळही मोकळा ठेवतो. ‘उगाच बसवून ठेवता’ असे काहींचे म्हणणे असते. एकाच तिकिटावर पुढचे विमान हुकले तर पर्यायी विमानात बसवणे कंपनीकडे लागते, म्हणून आम्ही ते ऐकून घेतो. स्वतंत्र तिकीट काढायचेच असेल, तर पैसे भरण्याआधी दोन्ही वेळा आम्हाला पाठवा. तपासून देऊ. त्याचे शुल्क नाही, तिकीट आमच्याकडून घेतले नाही तरीही.