हनुवटी खाली गेली की

तीन वर्षांचं मूल. चार दाढा किडलेल्या, त्यातली एक रात्रभर ठणकतेय. खुर्चीत बसवलं की ओठ घट्ट मिटतात आणि उघडतात ते रडायलाच. मग आईबाबा म्हणतात, "डॉक्टर, थोडं झोपवूनच करा ना." मागणी रास्त आहे. फक्त ते ‘थोडं’ जमवणं फार अवघड असतं.

गुंगी आणि भूल यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. वरच्या टोकाला मूल जागं, बोलतं, फक्त धास्ती पळालेली. जरा खाली डोळे जडावलेले, पण हाक मारली की ओ देतं. त्याच्याही खाली हाकेने काही होत नाही, दुखावलं तरच हलतं. तळाशी पूर्ण भूल. डॉक्टरला थांबायचं असतं दुसऱ्या टप्प्यावर आणि मूल तिसऱ्यावर कधी घसरलं हे कुणी टक लावून बघत नसेल तर कळत नाही. सहा वर्षांखालची मुलं तर जास्तच सहज घसरतात.

सगळ्यात वरच्या टप्प्यासाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ‘हसवणारा वायू’. दाताच्या डॉक्टरांशी त्याचं नातं जुनं. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला या वायूचा करमणुकीचा प्रयोग चालू होता. तो हुंगून धडपडलेल्या एकाच्या पायातून रक्त येत होतं, पण त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने ते हेरलं आणि दुसऱ्याच दिवशी हा वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. रक्तात तो फारसा विरघळत नाही, म्हणून झटकन चढतो आणि तितक्याच झटकन उतरतो. यंत्रंही अशी बनवलेली असतात की मिश्रणात ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली जाऊच नये. अडचण एकच, तो नाकावरच्या मास्कमधून शांतपणे ओढावा लागतो. रडणारं मूल तोंडाने श्वास घेतं, सर्दी झालेल्याचं नाक बंद. थोडक्यात, ज्याला गरज सगळ्यात कमी, त्यालाच हा वायू सगळ्यात छान लागू पडतो.

मग तोंडाने द्यायचं औषध येतं, बहुधा मिडॅझोलॅम. डोस वजनावर, किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. असर दिसायला पंधरा ते तीस मिनिटं. भीती ओसरते, नंतरचं फारसं आठवतही नाही. मात्र औषध कडू असतं. मुलाने निम्मं थुंकलं तर पुन्हा पाजायचं नसतं, कारण पोटात किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी उलट चवताळतात.

आणि मिडॅझोलॅमने वेदना थांबत नाही. हिरडीत बधिर करण्याचं इंजेक्शन द्यावंच लागतं, त्याचाही हिशोब आहे. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा किलोमागे 4.4 मिलिग्रॅम धरली, तर बारा किलोच्या मुलाला जेमतेम 53 मिलिग्रॅम चालतं. दोन टक्क्यांच्या 1.8 मिलिलिटरच्या एका काडतुसात, म्हणजे इंजेक्शनच्या तयार नळीत, 36 मिलिग्रॅम असतं. म्हणजे दुसरं काडतूस निम्म्यावर पोहोचण्याआधीच थांबायचं. चार दाढा एकाच बैठकीत उरकायचा मोह झाला की हीच मर्यादा ओलांडली जाते आणि लिडोकेनचा जादा डोस गुंगी आणखी खोल करतो.

पण खरी गोम औषधात नाही, घशात आहे. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, टॉन्सिल मोठे, श्वासनलिका अरुंद. किलोमागे ऑक्सिजनची गरज मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट आणि फुप्फुसातली शिल्लक तुटपुंजी. गुंगीत मान सैल पडते, हनुवटी छातीकडे जाते, जीभ मागे सरकते आणि वाट बुजते. त्यातून दंतवैद्याचं काम त्याच तोंडात. एका हाताने जबडा खाली दाबलेला, ड्रिलचं पाणी उडतंय, कापसाचे बोळे आत. अशा वेळी छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय छान झोपलंय!

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर हे लगेच सांगत नाही. तो रक्तातली शिल्लक मोजतो, आवक नाही. वरून ऑक्सिजन चालू असेल तर आकडा आणखी उशिरा पडतो. कॅप्नोग्राफ मात्र बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची टेकडी प्रत्येक श्वासाला पडद्यावर काढतो. टेकडी दिसली नाही की बोटांनी जबडा पुढे उचलायचा, बऱ्याचदा तेवढ्याने वाट मोकळी होते. पण ती बोटं कुणाची? ड्रिल धरलेल्या हाताची असून चालत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी 2019 मध्ये नियमावली कडक केली, ती इथेच. दवाखान्यात खोल गुंगी किंवा भूल द्यायची तर दंतवैद्याशिवाय दुसरा प्रशिक्षित माणूस हवा आणि त्याचं काम फक्त भूल सांभाळणं. म्हणून "कोणतं औषध देणार?" यापेक्षा "श्वासाकडे कोण बघणार?" हे आधी विचारावं. मूल रात्री घोरत असेल तर तेही आपणहून सांगावं.

उपाशी ठेवण्याचं कारणही घसाच. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आईचं दूध चार, इतर दूध आणि हलकं खाणं सहा. ‘एक बिस्किट दिलं होतं’ हे लपवू नये. काम पुढे ढकललं जाईल, एवढंच.

मेंदूवरच्या परिणामाची धास्ती पालकांना असतेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये इशारा दिला, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. तान्ह्या बाळांना एकदाच तासाभराच्या आत दिलेल्या भुलीचा मागोवा एका मोठ्या चाचणीने घेतला. पाचव्या वर्षी त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालं.

कीड खोल नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा थेंब लावून ती तिथेच रोखता येते. ना सुई, ना ड्रिल. किडलेला भाग काळा पडतो, पण दुधाचा दात आज ना उद्या पडणारच.

घरी जातानाचा प्रवास राहिला. औषध अजून अंगात असतं, मूल गाडीतल्या सीटवर पेंगतं आणि हनुवटी पुन्हा छातीला टेकते. म्हणून गाडी चालवणारा एक आणि मुलाशेजारी बसून त्याची मान सांभाळणारा दुसरा, अशी दोन मोठी माणसं लागतात.